फक्त वाटेपुरतं

आत-बाशीच्या वाचनालयातल्या लॅपटॉपला हार्ड डिस्क नाही.
ती दोन हिवाळ्यांपूर्वी खरखरत गेली,
नवीसाठी कचेरीतून अजून कागद हलायचा आहे.
म्हणून तो चालतो अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर:
सकाळी मी तो खुपसते, लिनक्स जागं होतं,
गुरांच्या बाजारातल्या पालासारखं
सगळं रॅममध्ये मांडून बसतं,
आणि संध्याकाळी बटण दाबलं की पाल गुंडाळून पसार.

दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.
वायफाय कोणतं? विचारतं.
पासवर्ड काय? विचारतं.
ठरवून दिलेला पत्ता,
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, चाळीस,
गेटवे, डीएनएस, पुन्हा सगळं.
कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून
मी ते शेगडीवरच्या खिळ्याला अडकवलं होतं.
बोटं गारठली की चाळीसचे चारशे होत
आणि दारात बायका ताटकळत:
कुणाचा मुलगा येकातेरिनबुर्गला टॅक्सी चालवतो,
कुणाची सून कझानच्या बेकरीत.
"नाझिक, झालं का?"
"होतंय."
काल केलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

जानेवारीत, उणे सत्तावीसला, कुणी फिरकेना,
तेव्हा बसले. पेनड्राइव्हवरच्या उरलेल्या जागेत
दुसरं पार्टिशन पाडलं, नाव दिलं पर्सिस्टन्स,
शेवटी ए येतो की ई, तीनदा तपासून,
कारण एक अक्षर चुकलं तर ते ओळख देत नाही.
त्यात एक फाइल. फाइलमध्ये एकच ओळ:
तिरकी रेघ, पुढे युनियन.
म्हणजे सगळं ठेव. जे जे बदलेल ते ते.
बूटच्या ओळीलाही तोच शब्द जोडला.
बंद केलं. चहा न गाळताच प्यायले. चालू केलं.
कोपऱ्यातले चारही पट्टे भरले,
मला काही न विचारता.

आठवडाभर मी मिरवले.

मग बुरुलचा आली, पोस्टात शिक्के मारणारी,
नेहमी शेवटची येते, पाठ भिंतीकडे करून बसते.
तिने ब्राउझर उघडला
आणि त्यात तिचं कालचं पान होतं,
अर्धं लिहिलेलं. कुणाला, ते मी पाहिलं नाही.
तिचा चेहरा पाहिला.
"हे तर पुसलं जायचं ना?"
"आता राहतं!" मी म्हटलं, हुरळून.
तिने झाकण लावलं, हातमोजे चढवले.
चार दिवस आली नाही.

या गावात
कुणाच्या धुराड्यातून पहाटे उशिरा धूर निघाला
याचीही चर्चा होते.
इथे रोज विसरणारी एकच वस्तू होती,
तिला मी शहाणं करायला निघाले होते.

सगळं पुसलं. ती फाइल पुन्हा उघडली,
तिरकी रेघ खोडून तिच्या जागी
एकाच फोल्डरचा लांबलचक रस्ता लिहिला,
ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, सिस्टिम-कनेक्शन्स.
एवढंच ठेव. बाकीचं जाऊ दे.

तर नेटवर्कच नाही.
फाइल जागच्या जागी, पासवर्डसकट, अक्षर न अक्षर,
पण यंत्र तिच्याकडे ढुंकूनही पाहीना.
रात्री साडेअकराला लॉगमध्ये सापडलं:
कॉपी करताना मी ती कुणालाही वाचता येईल अशी ठेवली होती,
आणि चारचौघांना वाचता येणारं गुपित
ते मानतच नाही.
परवानगी सहाशे: मालकाने वाचावं, मालकाने लिहावं.
एवढं त्यालाही कळत होतं.

बुरुलचाला निरोप धाडला नाही.
पोस्टात एक कोरं पाकीट घेऊन गेले.
तिने शिक्का मारला, वर न बघता विचारलं,
"किती राहतं आता?"
"वायफाय. तेवढंच."

काल ती आली, शेवटची. पाठ भिंतीकडे.
बराच वेळ कळा वाजत राहिल्या.
मी शेगडीत शेणी सरकवत होते.
जाताना तिने स्वतःच बटण दाबलं,
पडदा काळा होईपर्यंत उभी राहिली,
आणि दार लावल्यावर बाहेरून
कडी नीट बसलीय ना, एकदा ओढून पाहिली.